अंधारात कोणाला किती दिसतं?

"रात्रीची वेळ होती, पण टिपूर चांदणं पडलं होतं, म्हणून मी त्याला ओळखलं." बांधावरची मारामारी असो, दरोडा असो की खून, पोलिसांपुढच्या जबाबात हे वाक्य ठरलेलं असतं. सरकारी वकील ते वाचून पुढे जातात. बचावाचे वकील उलटतपासणीत त्यावर चार प्रश्न टाकतात, साक्षीदार चारही वेळा 'दिसत होतं' म्हणतो, आणि मग सगळी चर्चा तो खरं बोलतोय की खोटं, एवढ्यावर येऊन थांबते. त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो: त्या जागी, त्या घटकेला, तेवढ्या अंतरावरून माणसाच्या डोळ्याला दिसण्याजोगं होतं तरी काय? तो आधी सोडवला, तर साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर चिखल न उडवताही बरंच काही निकालात निघतं. आणि ज्या मोजपट्टीने साक्षीदाराची नजर मोजायची, तिनेच संशयिताचीही मोजावी लागते. आपल्याकडे नेमकं हेच क्वचित होतं.

सुरुवात चंद्रापासून करावी, कारण ते काम सर्वांत सोपं आहे. तारीख, वेळ आणि गाव कळलं की चंद्र आकाशात कुठे होता, हे वीस वर्षांनीसुद्धा मिनिटाच्या हिशेबाने काढता येतं. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. संकष्टी धरणाऱ्या घरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पानं मांडून झालेली असतात आणि चंद्राचा पत्ता नसतो. तेव्हा संकष्टीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला 'चांदण्यात पाहिलं' असं कोणी सांगत असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली चंद्रोदयाची वेळच त्याची उलटतपासणी घेते. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, शुद्ध अष्टमीचा त्याच सुमारास मावळतो.

मात्र नुसत्या तिथीवर विसंबू नये. त्या गावासाठीची चंद्रोदयाची आणि चंद्रास्ताची वेळ काढावी, आणि घटनेच्या वेळी चंद्र क्षितिजापासून किती अंश वर होता हेही पाहावं. हवामान खात्याचं कोलकात्याचं केंद्र दरवर्षी राष्ट्रीय पंचांग काढतं, तिथून सुरुवात करता येते. मावळातल्या एखाद्या खोऱ्यात पूर्वेला डोंगर उभा असेल, तर कागदावर चंद्र उगवून तास झाला तरी अंगणात चांदणं उतरलेलं नसतं. आणि आषाढातली पौर्णिमा ही बहुतेकदा कॅलेंडरातलीच पौर्णिमा असते. वेधशाळेच्या नोंदीत आकाशाचे आठांपैकी किती भाग ढगांनी झाकले होते तेही लिहिलेलं असतं. ती नोंद मागवावी.

चंद्रावरून फिरलेला जगातला सर्वांत गाजलेला खटला अब्राहम लिंकन यांनी लढवला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बिअर्ड्सटाउन गावी मे 1858 मध्ये तो चालला. आरोपी डफ आर्मस्ट्राँग हा लिंकन यांच्या जुन्या मित्राचा मुलगा. 29 ऑगस्ट 1857 च्या रात्री अकराच्या सुमारास त्याने एकाच्या डोळ्यावर घाव घातल्याचं दीडशे फुटांवरून, डोक्यावरच्या लख्ख चंद्राच्या उजेडात पाहिलं, असं मुख्य साक्षीदार सांगत होता. लिंकन यांनी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग पंचांग काढलं. चंद्र त्या वेळी मावळतीला टेकला होता. आर्मस्ट्राँग सुटला. लिंकन यांनी पंचांगच बनावट आणलं, अशी कुजबुज पुढे कित्येक वर्षं चालली. टेक्सासमधल्या डोनाल्ड ओल्सन आणि रसेल डोशर या दोघांनी 1990 मध्ये गणित मांडून दाखवलं, की चंद्र मध्यरात्रीनंतर चार-पाच मिनिटांतच मावळला होता. पंचांग खरंच होतं. त्या वर्षी चंद्र दक्षिणेकडे फार खाली झुकलेला असल्यामुळे अष्टमी उलटूनही तो इतक्या लवकर बुडाला.

गोष्ट रंगतदार आहे, पण वकिली शिकणाऱ्यांनी तिच्यातून अर्धाच धडा घेतला आहे. चंद्र खरोखर डोक्यावर असता, अगदी कोजागरीचा असता, तरी दीडशे फुटांवरून चेहरा दिसला नसता. आपल्या कोर्टांत ज्याचं नाव सतत निघतं त्या मोदींच्या न्यायवैद्यक ग्रंथात जुन्या तज्ज्ञांची मतं दिलेली आहेत. टायडी यांच्या मते अगदी ओळखीचा माणूसही स्वच्छ चांदण्यात सतरा यार्डांपलीकडे ओळखू येत नाही. म्हणजे जेमतेम पन्नास फूट. कर्नल बॅरी आणखी कडक. बारा यार्डांच्या, म्हणजे 36 फुटांच्या पुढे फक्त उंची आणि आकृती कळते, असं ते म्हणतात. गुन्हे-तपासशास्त्राचे ऑस्ट्रियन जनक हान्स ग्रॉस यांनी ऐन पौर्णिमेसाठी 33 ते 36 फूट आणि अर्ध्या चंद्रासाठी 21 फूट अशी मर्यादा सांगितली होती. निरनिराळ्या देशांतली ही माणसं जवळपास त्याच आकड्यावर येतात. उष्ण कटिबंधातलं चांदणं जास्त उजळ म्हणून थोडी सूट द्यावी, असं ग्रॉस स्वतःच सांगतात. ती दिली तरी दीडशे फूट होत नाहीत.

आता दिव्यांकडे. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार आणि त्यांचे सहकारी यांनी 1996 मध्ये खास कोर्टाच्या उपयोगासाठी एक ढोबळ नियम मांडला: अंतर 15 मीटरांच्या आत आणि उजेड 15 लक्सच्या वर असेल, तरच चेहऱ्याच्या ओळखीवर भरवसा ठेवावा. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. 15 लक्स ऐकायला किरकोळ वाटतं, पण पौर्णिमेचं लख्ख चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं आणि अर्ध्या चंद्राचं त्याच्या दहाव्या भागाएवढं. चंद्र निम्मा झाला म्हणून उजेड निम्मा राहत नाही, ही गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते.

दारावरच्या दिव्याचाही हिशेब करून पाहावा. साध्या नऊ वॉटच्या एलईडी बल्बमधून साधारण नऊशे ल्यूमेन प्रकाश निघतो. तो सगळीकडे सारखा पसरला असं धरलं, तर 15 लक्स मिळतात ते सुमारे सात फुटांपर्यंतच. वीस फुटांवर उरतात दोन, तीस फुटांवर एकाहूनही कमी; कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. भिंत पांढरी असेल तर थोडा फरक पडतो. तरीही 'दारात बल्ब होता' एवढं लिहून भागत नाही. बल्ब किती वॉटचा, किती उंचीवर, त्याच्यावर टोपण होतं का, आणि मुख्य म्हणजे तो समोरच्याच्या तोंडावर उजेड टाकत होता की पाठीवर? पाठीमागे दिवा असलेला माणूस म्हणजे नुसती काळी आकृती. ती ठळक दिसते, म्हणून साक्षीदाराला वाटतं की आपण त्याला नीट पाहिलं.

डोळ्याची स्वतःचीही काही गणितं असतात. भर उजेडात काम करणाऱ्या पेशी रंग आणि बारकावे टिपतात. अंधारातल्या पेशी वेगळ्या, त्यांना रंग कळत नाही आणि बारकावाही फारसा कळत नाही. निव्वळ अंधारातल्या नजरेची तीक्ष्णता डोळे तपासायच्या तक्त्यावर 6/60 च्या आसपास भरते, म्हणजे सर्वांत वरचं मोठं अक्षर कसंबसं वाचता यावं इतकी. शिवाय या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध नसतातच. त्यामुळे काळोखात एखाद्या गोष्टीवर रोखून पाहिलं तर ती नाहीशी होते आणि जरा बाजूला पाहिलं की पुन्हा जाणवते. तारे बघणाऱ्यांची ही नेहमीची युक्ती. घाबरलेला साक्षीदार मात्र नेमकं रोखून पाहतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून साक्षीदार घटनेच्या आधी काय करत होता हे विचारावंच. अंगणात बाजेवर झोपलेला म्हातारा आणि टीव्ही बंद करून धावत बाहेर आलेला त्याचा मुलगा एकाच ओट्यावर उभे असले, तरी पहिल्या दोन मिनिटांत दोघांना दिसणारं अंगण वेगळं असतं. तरुणाची नजर चांगली, म्हाताऱ्याची अधू, हे गृहीतकही तिथे उलटू शकतं. अर्थात म्हाताऱ्याला मोतीबिंदू नसेल तर. चष्म्याचा नंबर, मधुमेह, रातांधळेपणा यांची चौकशी दोन्ही बाजूंच्या माणसांबाबत व्हायला हवी.

कपड्यांच्या रंगावर रात्री फार भर देऊ नये. अंधुक उजेडात लाल रंग आधी काळा पडतो, निळा-हिरवा त्या मानाने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली तर रंगांची सरमिसळच होते. जबाबात 'काळा शर्ट' आणि जप्तीत मरून शर्ट, यावरून साक्षीदार खोटा ठरत नाही. उलट चांदण्यात पाहिलेल्याने 'मरून शर्ट' असं बिनचूक सांगितलं, तर तो रंग त्याला नंतर कुठे कळला, हे तपासावं. सीसीटीव्हीही यात दगा देतो. इन्फ्रारेडवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात काही काळे कपडे चक्क पांढुरके दिसतात.

'साक्षीदाराला तो दिसला, मग त्याला साक्षीदार कसा दिसला नाही?' हा प्रश्न कोर्टात हमखास येतो आणि ऐकणाऱ्यांना बिनतोड वाटतो. तो तसा नाही. ट्यूबलाइटच्या उजेडातल्या पडवीत उभ्या असलेल्याला चिंचेखालच्या काळोखातला माणूस दिसत नाही. चिंचेखालच्याला मात्र पडवीतल्याच्या हातातली काठीसुद्धा दिसते. खोलीत दिवा असेल तर खिडकीची काच आतल्याला आरसा होते. बॅटरी ज्याच्या हातात आहे त्याला समोरचा दिसतो. ज्याच्या डोळ्यांवर झोत पडला त्याला झोताखेरीज काही दिसत नाही, आणि झोत बाजूला झाल्यावरही काही वेळ तो आंधळाच असतो. मोटारसायकलच्या दिव्यासमोर उभ्या असलेल्या साक्षीदाराने चालकाला ओळखल्याचं सांगितलं, तर दिवा नेमका कोणाकडे होता हे नकाशावर बाण काढून दाखवायला सांगावं. त्या एका बाणाने अर्धा तास वाद वाचतो. म्हणून दोन स्वतंत्र नोंदी करायच्या: साक्षीदाराकडून संशयिताकडे पाहताना काय दिसतं, आणि संशयिताकडून साक्षीदाराकडे पाहताना काय. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

ओळखीच्या माणसाची गोष्ट थोडी निराळी आहे हे मान्य करायला हवं. गावातला, भावकीतला माणूस चेहरा न दिसताही चालीवरून, आवाजावरून, खांद्याच्या ठेवणीवरून कळतो. कालिका तिवारी प्रकरणात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की विजेच्या झगझगाटाला सरावलेल्या शहरी माणसाची नजर हे चिमणीच्या उजेडात वावरणाऱ्या खेडुताच्या नजरेचं माप होऊ शकत नाही. नथुनी यादव प्रकरणात तर निरभ्र रात्रीच्या ताऱ्यांच्या उजेडाचाही विचार झाला. पण तिथे माणसं ओळखीची होती आणि अंतर अगदी थोडं होतं. हे निकाल सरकार पक्ष वारंवार पुढे करतो आणि त्या दोन अटी मात्र मागे ठेवतो. अनोळखी माणसाबाबत ही सवलत लागू होत नाही. तिथे ओळख परेड नीट झाली का, हेही पाहावं लागतं. 1976 च्या टर्नबुल निकालापासून इंग्लंडमध्ये न्यायाधीशांना ज्यूरीपुढे हेच मुद्दे ठेवावे लागतात: किती वेळ पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये आडोसा होता का, माणूस आधी ओळखीचा होता का. अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये 1997 साली ऑक्टोबरच्या रात्री, दारू प्यायलेल्या एका तरुणाने साडेपाचशे फुटांवरून चौघांना ओळखल्याचं सांगितलं. तो त्यांना चेहऱ्याने ओळखत होता. तेवढ्या अंतरावरून चेहरा ओळखणं अशक्य आहे, अशी साक्ष मानसशास्त्रज्ञ जेफ्री लॉफ्टस यांनी दिली. तरीही चौघे खुनात दोषी ठरले. ती शिक्षा रद्द व्हायला डिसेंबर 2015 उजाडला.

संशयिताच्या नजरेचा प्रश्न आणखी अवघड, कारण तिथे 'काय दिसलं' याच्या जोडीला 'काय वाटलं' हेही येतं. ओडिशातल्या रासगोविंदपूरला युद्धकाळातला एक ओसाड विमानतळ होता. तिथलं विमानांचं भंगार विकत घ्यायला 1958 च्या मे महिन्यात कोलकात्याचे एक व्यापारी आपल्या नेपाळी नोकराला घेऊन आले. विमानतळावर भुतं फिरतात अशी आवई होती, म्हणून मध्यरात्री ती पाहायला हे दोघे आणि गावातला त्यांचा यजमान निघाले. पायवाटेपासून चारशे हातांवर एक उजेड लुकलुकत होता, वारा जोराचा होता, आणि उजेडाभोवती आकृत्या हलत होत्या. भुतं नाचताहेत असं समजून नोकर खुकरी उपसून धावला. झाडाखाली कंदील ठेवून आदिवासी बाया मोहाची फुलं वेचत होत्या. एक मेली, दोघी जबर जखमी झाल्या आणि मागून आलेल्या यजमानालाही खुकरी लागली. राम बहादूर थापा या नावाने कायद्याच्या पुस्तकांत गेलेल्या या खटल्यात उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका कायम ठेवली. उजेड, वारा, अंतर आणि मनातली भीती यांमुळे त्याचा समज प्रामाणिक होता. बरोबरच्या दोघांनाही तेच वाटलं होतं. हे तत्त्व आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 17 मध्ये आहे, पण तिथे सद्भावना लागते आणि सद्भावनेत पुरेशी काळजी गृहीत आहे. चारशे हातांवरून भूत दिसणं एक, खुकरीच्या टप्प्यात आल्यावरही ते भूतच दिसणं दुसरं. निकाल दयाळू आहे. आज कोणी संशयित असा बचाव घेईल तर चारशे, शंभर आणि दहा हातांवर काय दिसत होतं हे वेगवेगळं तपासलं जावं.

नागपूर उच्च न्यायालयाचा 1952 चा चिरंगी खटला रात्रीचा नाही, तरी इथे उपयोगी आहे. बापाने वाघ समजून पोटच्या मुलावर कुऱ्हाड चालवली. तपासणीत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि अंगात जखमेचा ताप आढळला. वैद्यकीय तपासणी झाली नसती तर ही बाजू पुढे आलीच नसती. संशयिताला अटकेनंतर दवाखान्यात नेतात तेव्हा त्याच्या अंगावरच्या जखमा लिहिल्या जातात, नजर कोणी तपासत नाही. ती तपासून मागावी. नंतर शस्त्रक्रिया झाली की पुरावा गेला.

आणि कधी अंधाराचा मुद्दा खरा असूनही उपयोगाचा नसतो. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने 14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण होती. खोलीत इतका काळोख होता की ती पलंगावर नाही हे कळलं नाही, असं तो म्हणाला. म्युझिक सिस्टिमचा इवलासा निळा दिवासुद्धा आपण जीन्सने झाकायला निघालो होतो, हेही त्याने सांगितलं. सरकारी वकिलांनी त्यावर त्याला बरंच छेडलं. वरच्या न्यायालयाने 2015 मध्ये खुनाचाच दोष ठेवला, कारण दारामागे कोणीतरी माणूस आहे एवढं त्याला ठाऊक होतं; ते कोण, हे दिसण्याची गरज नव्हती. संशयिताच्या नजरेची चौकशी सुरू करण्याआधी, गुन्हा ठरण्यासाठी त्याला नेमकं काय दिसणं आवश्यक होतं, हे वकिलाने कागदावर लिहून काढावं.

रात्रीच्या अपघातात चालक हाच संशयित असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. प्रसंग ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद, म्हणजे 25 ते 33 मीटर. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक. खाली झुकवलेल्या दिव्यांत गडद कपड्यांतला पादचारी त्याआधी दिसला असता का, हा सवाल. पादचाऱ्याला गाडीचे दिवे लांबून दिसतात, म्हणून आपणही चालकाला दिसत असणार असं तो धरून चालतो.

आता प्रत्यक्ष काम. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचांनी उजेडाचं कलम वाचल्याशिवाय सही करू नये. खांब कोणता, त्याचा क्रमांक, दिवा लागतो का, झाडाची फांदी आड येते का, अंतर टेपने मोजलं की अंदाजे लिहिलं, हे त्यात हवं. पंचनामा बहुधा दुसऱ्या दिवशी उन्हात होतो आणि खांबावर दिवा आहे एवढंच दिसतं. तो रात्री पेटत होता का, हे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या तक्रारवहीतून काढावं. वीज होती की नाही याची नोंद महावितरणच्या उपकेंद्रात फीडरनिहाय असते. डीपी जळाली होती असं गाव सांगत असेल तर तीही तारीख तिथे सापडते. कंदील किंवा बॅटरीच्या उजेडात ओळखलं असेल, तर ती वस्तू त्याच वेळी जप्त व्हायला हवी. महिन्याभराने कोणी तरी बॅटरी आणून दिली, तर तिला कोर्टात फारशी किंमत राहत नाही.

फोनमध्ये फोटो काढून 'बघा, किती स्पष्ट दिसतंय' म्हणणं बंद करावं. रात्रीच्या मोडमध्ये फोन काही सेकंदांचा उजेड साठवून चित्र उजळवतो. डोळ्याला ते कधीच तसं दिसत नाही. फोनवरची लक्स मोजणारी अ‍ॅपही इतक्या कमी उजेडात शून्य दाखवतात. एका लक्सचे अंश मोजणारं साधं उपकरण आणावं, ते चेहऱ्याच्या उंचीवर, साक्षीदाराच्या दिशेने धरावं.

जागेवर पुन्हा पाहणी करायची तर रात्र निवडून करावी: चंद्राची कला आणि उंची जुळणारी, झाडांची पालवी त्याच ऋतूतली, दिवे तेच. मधल्या काळात सोडियमचे जाऊन एलईडी बसले असतील, तर तसं आधी लिहावं आणि मगच निष्कर्ष काढावा. पाहणाऱ्याने निदान वीस मिनिटं अंधारात थांबावं, किंवा साक्षीदार उजेडातून आला असेल तर त्यानेही उजेडातूनच यावं. समोर उभं राहणाऱ्यांत दोघे त्याच्या ओळखीचे आणि दोघे अनोळखी असावेत, आणि कोण कुठे उभं आहे हे त्याला आधी सांगू नये.

हे सगळं पक्षकाराने आपल्या खर्चाने करायचं, असंही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 347 प्रमाणे न्यायाधीश दोन्ही बाजूंना सूचना देऊन स्वतः जागा पाहू शकतात. पाहिलेल्या गोष्टींचं टिपण त्यांना विनाविलंब करावं लागतं आणि सरकारी वकील, फिर्यादी किंवा आरोपी यांनी मागितली तर त्याची प्रत मोफत मिळते. अर्जात 'स्थळपाहणी करावी' एवढंच न लिहिता तारीख, वेळ आणि त्या रात्रीची चंद्राची स्थिती लिहून द्यावी, म्हणजे पाहणी दुपारी चार वाजता ठेवली जाणार नाही.